आमच्या जुन्याची किंमत कोण करणार?



वनहक्काचे दावे भरताना नियम १३ आपण सगळेच वाचतो. कुठले पुरावे चालतात त्याची यादी त्यात आहे. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला इथपर्यंत आपलं बोट भराभर फिरतं. कागद म्हटला की साहेबाला पटतो, असा आपला समज. पण त्याच यादीत पुढे विहिरी आहेत, दफनाच्या जागा आहेत, देवाची ठाणी आहेत. घर, झोपडी, बांध आहेत. वंशावळ आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेला आणि लिहून घेतलेला जबाब आहे. सामूहिक हक्काच्या भागात तर पवित्र झाडं, राया, तळी, गावाने पूर्वी बांधलेल्या बांधकामांचे अवशेष अशी नावानिशी यादी आहे. इथे मात्र आपण थांबत नाही. "ते बघू नंतर" म्हणतो आणि झेरॉक्सच्या दुकानात जातो. मला आज या "बघू नंतर" बद्दल लिहायचं आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातला, फासेपारधी समाजाचा. बैठकीला ठाणे, नंदुरबार, गडचिरोलीचे साथी भेटतात ते हसतात. म्हणतात, सोलापुरात कसलं आलंय जंगल? खरं आहे, आमच्याकडे साग नाही, मोहाची रांग नाही. आमचं रान म्हणजे माळ. कुसळी गवत, बोरी, बाभळी, हिवर, तरवड, मधे उघडा खडक. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते ओसाड दिसतं, कागदोपत्री ते पडीक असतं. पण त्यात तितर आहे, लाव्हा आहे, ससा, खोकड, लांडगा, काळवीट आहे, आणि आता बोटांवर मोजण्याइतका उरलेला माळढोक आहे. आमचे बापजादे या गवतावर जगले. म्हणून जुन्याचा विषय निघाला की आमच्याकडे पहिली वस्तू येते ती फासा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोड्याच्या शेपटीचे केस किंवा जनावराची तात पिळून बारीक फास करायचे, ते बांबूच्या काड्यांना बांधायचे आणि गवतात पाखराच्या वाटेवर रांगेने रोवायचे. मग माणूस लांब बसून तितराचा आवाज काढतो. एक चांगला फासा वळायला किती दिवस जातात ते वळणाऱ्यालाच माहीत. आमच्या जमातीचं नावच त्यावरून पडलं आहे.

आता ही वस्तू कुठे कुठे सापडते बघा. शहरातल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत सापडते. वर दिवा, खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर जमातीचं नाव. बनवणाऱ्याचं नाव बहुतेक नसतं. पर्यटक थांबून बघतात, काय कला होती म्हणतात. हाच फासा पालावरच्या गाठोड्यात सापडला तर तो मुद्देमाल. त्यावर पंचनामा होतो, माणूस आत जातो. वस्तू एकच, पीळ एकच. काचेच्या पलीकडे ती वारसा, अलीकडे ती गुन्हा.

मी शिकारीची बाजू घेत नाही. रान उरलं नाही, पाखरू उरलं नाही, आता फासा लावून पोट भरणार नाही हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. माझं म्हणणं किमतीबद्दल आहे. वस्तू तिच्या माणसापासून तोडली की तिला किंमत येते आणि माणसाजवळ असली की माणसाचीच किंमत जाते, हे कसं काय?

१९७२ साल आठवा. आमची म्हातारी माणसं त्याला नुसतं "बहात्तर" म्हणतात, दुष्काळ हा शब्दही लावत नाहीत. त्याच साली दिल्लीत दोन कायदे झाले. एक पुरावस्तूंचा. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, भांडं, कोरीव दगड, नाणं जपायचं, परदेशी न्यायचं नाही. दुसरा वन्यजीवांचा. त्याने फासा, जाळं, सापळा लावणं गुन्हा ठरलं. दोन्ही कायदे आपापल्या जागी लागणारच होते, मी नाही म्हणत नाही. पण पहिला लिहिताना राजाची जुनी वस्तू कोणाची आणि तिचं काय करायचं याचा विचार झाला. दुसरा लिहिताना फाशावर जगणारा माणूस उद्या काय खाणार याचा झाला नाही. आमची माणसं तेव्हा खडी फोडत होती आणि मिलोची भाकरी खात होती.

पुढे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य आलं. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं मिळून ८४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले म्हणून मोठ्या शेतकऱ्यांनीही ओरड केली, आणि शेवटी ते क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. रेघ मोठी करताना आमच्या पालावर कोणी विचारायला आलं नव्हतं, लहान करतानाही नाही. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, कुठल्या अंगाला घालतो, मादी कशी उठते, हे सगळं आमच्या म्हाताऱ्यांना माहीत. गाभण मादी सोडून द्यायची हा रिवाज तेच सांगतात. हे ज्ञान कोणत्या संग्रहालयात ठेवणार? अकोला-वाशीमकडच्या काही फासेपारधी वस्त्यांनी आता गवताळ रान राखायचं काम हातात घेतलं आहे. पाखरू ओळखणारा माणूसच पाखरू राखतो आहे. तिथल्या साथींनी या पत्रिकेत त्याबद्दल सविस्तर लिहावं अशी माझी विनंती आहे.

आमच्या भूतकाळाबद्दल आणखी एक अडचण आहे, ती तुमच्यापैकी बऱ्याच जमातींना नसेल. आमचा लिहिलेला इतिहास पोलिसांनी लिहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूर शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट केली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांगगारुडी अशी माणसं आत ठेवली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, काम करायचं ते गिरणीत. सोलापूरच्या गिरण्यांचं कौतुक खूप होतं, चादरीचंही होतं. पण त्या गिरण्यांतले काही हात रात्री तारेच्या आत झोपायचे, हे चादर घेणाऱ्याला कोण सांगतं? ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, तो दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो. त्या भागाचं नाव आजही सेटलमेंट फ्री कॉलनी असं चालतं. कोंडवाडा आणि मोकळीक दोन्ही एकाच पाटीवर. सोलापुरात बघण्यासारख्या जागा विचारल्या की लोक भुईकोट किल्ला सांगतात, सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं सांगतात. सेटलमेंट सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

आता गंमत अशी की जातीचा दाखला काढायला गेलं की ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. पालावर जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्याचा १९५० च्या आधीचा कागद कुठून आणणार? कुणाकुणाच्या बाबतीत तो सापडतो तो हजेरीच्या, नाहीतर गुन्ह्याच्या नोंदीत. ज्या नोंदीने आज्याला डांबलं तीच नोंद नातवाला दाखला मिळवून देते. एका म्हाताऱ्याने अशी नक्कल हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "मारलं बी ह्यानंच, आन् आता वळखलं बी ह्यानंच." मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

दंडाच्या पावत्यांचंही तसंच. जंगलात शेत केलं म्हणून गार्डाने फाडलेली पावती, कोर्टातल्या केसचा कागद, गायरानावर बसलो म्हणून तलाठ्याने गाव नमुना १-ई मध्ये केलेली अतिक्रमणाची नोंद. ही सगळी आपल्या अपमानाची कागदपत्रं. आपल्या आयाबायांनी ती कधी चुलीत घातली, कधी पोराच्या पुस्तकाला कव्हर लावली. आज वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला किंवा गायरानाच्या प्रकरणात १४ एप्रिल १९९० च्या आधीचं अतिक्रमण दाखवायला यापेक्षा पक्का पुरावा नाही, कारण तो आपण केलेला नाही, त्यांनीच केलेला आहे. पत्र्याच्या पेटीत देवाच्या टाकांशेजारी दंडाची पावती जपून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. त्या बायांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना आपलं आपण कळलं होतं.

पण कागद मिळतो म्हणून कागदच खरा असं होऊन बसलं, हे वाईट आहे. २००२ च्या शासन निर्णयात कागदाशिवायचे पुरावे चालतील हे आलं, ते फुकट आलं नाही. ठाणे-धुळ्याकडच्या आदिवासी साथींनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. म्हाताऱ्या माणसाचा शब्द, बांध, विहीर, देव हे पुरावे आहेत हे त्यांनी सरकारच्या तोंडून वदवून घेतलं. मग २००६ च्या कायद्यात आणि २००८ च्या नियमांत ते पक्कं झालं. इतकं झगडून मिळवलेलं आपणच वापरत नाही. यादीतल्या एकाहून जास्त पुराव्यांचा विचार करावा असं नियमच सांगतो, म्हणजे पावतीबरोबर विहीर जोडली तर दावा दुप्पट भक्कम.

आता ती विहीर.

करमाळ्याकडच्या एका वस्तीची ही गोष्ट. नाव घालत नाही, वस्ती आधीच दुखावलेली आहे. तिथे वनखात्याच्या हद्दीला लागून आमची सात-आठ घरं पिढ्यान्पिढ्या जमीन करतात. वस्तीजवळ एक विहीर होती, बहात्तरच्या दुष्काळात आजोबांच्या पिढीने हाताने खोदलेली. पाणी लागल्यावर दोन वर्षांनी वरचा भाग घडीव दगडाने बांधून काढलेला. अलीकडे बोअर पडली, विहिरीचं पाणी आटलं, मग तिच्यात कचरा पडायला लागला. एक दिवस एक माणूस गाडीतून आला. हायवेवर ढाबा बांधतोय म्हणाला, जुना दगड पाहिजे. पोरांनी दोन ट्रॉल्या दगड काढून दिला. पैसे किती मिळाले ते सांगायला पोरं लाजतात. एका ट्रॉलीच्या वाळूलाही आज त्याहून जास्त पडतात.

पुढे सहा महिन्यांनी दाव्याची जागेवर पडताळणी आली. दाव्यात "दगडी विहीर, अंदाजे १९७२" असं लिहिलेलं. साहेब म्हणाले, दाखवा. दाखवला तो खड्डा, कडा ढासळलेल्या, आत बाभळी. खड्डा काय, मुरमासाठी कोणीही खोदतो. एक आजी पुढे झाली, म्हणाली, "आमच्या आज्यानं खांदलेली हीर हाय ती, म्या हाताखाली पाट्या उचलल्यात." साहेबांनी मान हलवली आणि वहीत काय लिहिलं ते कोणालाच दिसलं नाही. दावा अजून लटकलेला आहे.

तो ढाबा मी पाहिला. बाहेर बैलगाडीचं चाक टांगलंय, कंदील आहेत, दारात जातं ठेवलंय आणि त्यात प्लास्टिकची फुलं. कमान आमच्या विहिरीच्या दगडांची, आणि पाटीवर अस्सल गावरान चव असं लिहिलेलं. लोक कमानीखाली उभं राहून फोटो काढतात. खरं सांगायचं तर कमान दिसते चांगली. दगड घडवणाऱ्याचा हात चांगला होता.

पोरांना मी दोष देत नाही. पोटाला लागलं तर माणूस दगड विकतो, दागिना विकतो. दगडाला ढाब्यावर दाम आहे हे त्यांना कळलं, दाव्यात दाम आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि तो ढाबेवाला तरी काय, त्याला दगड जुना पाहिजे होता, दगडाची गोष्ट नको होती. शहरातल्या जुन्याच्या हौसेचं असंच असतं. वस्तू जुनी पाहिजे, पण ती कोणाच्या घरातून आली हा प्रश्न नको. भंगारवाला पितळेची घागर किलोवर घेतो, पुढे तीच नगावर विकली जाते. मधल्या रस्त्यात घागरीला फक्त पॉलिश लागतं.

वारली चित्रांचं बघा. लग्नात भिंतीवर चौक लिहायचं काम बायकांचं, त्यांचं नाव बाहेर कोणाला माहीत नव्हतं. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या सगळ्यांना त्याचा आनंद आहे, कारण तिथे निदान नाव लागलं. पण आज सोलापुरातल्या शाळेच्या भिंतीवर, बंगल्याच्या पडद्यावर, चहाच्या कपावर वारली माणसं फेर धरून नाचतात, आणि डहाणू-जव्हारकडच्या वारली साथींना दाव्यांसाठी तहसीलवर बसावं लागतं. चित्रातली शेती लोकांना फार आवडते.

याच्या उलटं झालेलं एक उदाहरण २०१३ सालचं आहे आणि ते प्रत्येक गावात वाचून दाखवावं. ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. डोंगरिया कोंध आदिवासी त्याला नियमराजा मानतात, डोंगराचा माथा देवाचा म्हणून तोडत नाहीत. त्या माथ्यात बॉक्साइट आहे आणि ते वेदांत कंपनीच्या कारखान्यासाठी खणायचं होतं. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देवाचा, श्रद्धेचा हक्क खाणीमुळे बाधित होतो की नाही हे ग्रामसभा ठरवेल. सरकारने बारा ग्रामसभा घेतल्या. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. त्या लोकांकडे सातबारा नव्हता. डोंगर आपला राजा आहे एवढंच ते सांगत आले होते, आणि ते सांगणं ग्रामसभेच्या ठरावात लिहिलं गेलं म्हणून टिकलं. परंपरा तिथे शोभेला नव्हती, कामाला आली. आपल्याकडे वाघोबा आहे, मेळघाटात कोरकूंचे कोरीव मुंडे आहेत, कुठे गावदेवीची राई आहे, कुठे नुसता शेंदूर लावलेला दगड आहे. यातलं किती आपल्या ठरावांत आलं आहे?

उलट सरकार आपली परंपरा तपासतं ती भलत्याच ठिकाणी. जात पडताळणीत आप्तभाव नावाची परीक्षा असते. तुमचे देव कोणते, लग्न कसं लावता, मयताला काय करता, बोली बोलून दाखवा. आश्रमशाळेत बोली बोललं की छडी बसायची, तुमची वाघरी बंद करा म्हणायचे. तोच पोरगा बारावी होऊन दाखल्याला गेला की त्याला बोली येत नाही म्हणून शंका घेतात. घरात आईबापांनी जाणूनबुजून मराठी बोलली, पोलिसांनी ओळखू नये म्हणून. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या एका निकालात सांगून ठेवलं आहे की शिक्षणाने, स्थलांतराने चालीरीती बदलतात, म्हणून एवढ्या एका परीक्षेवर कोणाची जमात नाकारता येणार नाही. समितीपुढे जाताना हे लक्षात ठेवा. आम्हाला आमचं जुनं पाहिजे आहे, पण पोपटासारखं म्हणून दाखवायला नको आहे.

आता एक गोष्ट, जी काही ज्येष्ठ मंडळींना आवडणार नाही. "जुनं ते सोनं" म्हणून सगळंच कवटाळायचं का? आमच्या जातपंचायतीत बाईच्या चारित्र्याचा निवाडा उकळत्या तेलात हात घालून करायचा प्रकार होता, आणि अजून पूर्ण मेलेला नाही. तोही जुनाच आहे. बाईने देवाच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, हेही जुनं. मला हे संग्रहालयातही नको. जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा हे कायद्यात नवीन आलं आणि ते आपल्या बऱ्याच रूढींपेक्षा चांगलं आहे. काय ठेवायचं आणि काय गाडायचं हे आपण बसून ठरवू. पण ते आपण ठरवू, ढाबेवाला नको आणि पडताळणीचा साहेबही नको. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

(जाता जाता. ही पत्रिका ज्या यंत्रावर निघते तेही आता जुनंच झालं आहे. स्टेन्सिल मिळेनासे झालेत, शाई उडते, हात काळे होतात. एका मित्राने विचारलं, कॉम्प्युटरवर का काढत नाही? काढू, वीज आणि पैसा दोन्ही एका दिवशी आले की काढू. तोवर हे यंत्र कुणी शोभेसाठी मागितलं तरी देणार नाही.)

तर काम काय करायचं ते लिहितो, म्हणजे नुसती बडबड झाली असं व्हायला नको.

सगळ्यात आधी म्हातारी माणसं. विहिरीचा दगड गेला तर खड्डा तरी राहतो, म्हातारं माणूस गेलं की काहीच राहत नाही. मागच्या पावसाळ्यापासून आमच्या एका तालुक्यात चार म्हातारी गेली, त्यातल्या एकाचाही जबाब लिहिलेला नव्हता. जबाब घेताना साल विचारू नका. साल विचारलं की ते गडबडतात, मग साहेब त्यातच खोट काढतो. घटना विचारा. आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधींचा खून, किल्लारीचा भूकंप हे कोणीही विसरत नाही. "भूकंपाच्या आधी हा बांध होता का? इंदिराबाई गेल्या तेव्हा इथं काय पेरलं होतं?" उत्तर धडाधड येतं. भूकंप १९९३ चा आणि इंदिराबाई १९८४ ला गेल्या, हे कंसात आपण लिहायचं. तुमच्या भागात दुसऱ्या घटना असतील, पूर, धरण, साथ, त्या घ्या. जे म्हणाले तेच शब्द लिहा, शुद्ध करू नका. वाचून दाखवा, मग अंगठा घ्या, आणि जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा हे विसरू नका.

दुसरं, वनहक्क समितीने एक दिवस काढून रानात फिरावं, म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन. विहीर, बांध, पडकं जोतं, दफनाची जागा, देवाचा दगड, जुनं झाड, गवत कापायची जागा, पाल टाकायचा माळ. आमच्यासारख्या फिरत्या जमातींना हंगामी वापराचा हक्क कायद्यात आहे. म्हणून पाल कुठल्या महिन्यात कुठे असायचं तेही लिहा. प्रत्येक जागेचं नाव जसं आपण घेतो तसं लिहा. नकाशा हाताने काढला तरी चालतो. तो ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा. फोटो मिळाला तर काढा, पण विहिरीशेजारी माणूस उभा करा, म्हणजे तिचा आकार कळतो.

दंडाच्या पावत्या, केसचे कागद, १-ई च्या नकला आणि हजेरीचे जुने कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुढच्या बैठकीला फक्त झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद कोणत्याही साहेबाच्या, वकिलाच्या आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्याच्याही हातात देऊ नका. आणि करमाळ्याच्या त्या वस्तीसाठी बहात्तर साली विहिरीवर पाट्या उचललेली आणखी माणसं पाहिजेत. त्यातली काही ऊसतोडीला गेलीत, काही पुण्याकडे सिग्नलवर आहेत. ज्यांना कोणी भेटेल त्यांनी निरोप द्यावा, त्यांच्या येण्या-जाण्याचं भाडं संघटना देईल.

— सोलापूर जिल्ह्यातील एक कार्यकर्ता